स्वहस्ते नळदुरुस्ती

प्रिय शालकमहाशय,

तुम्हांस उदंड आयुरारोग्य लाभो, ही तुमच्या दाजीची परमेश्वरचरणी नित्याची प्रार्थना. पाठदुखी कितपत उतरली ते कळवावे. गेल्या गुरुवारपासून तुमच्या ताई तुमच्याकडे आहेत, तेव्हा तेथे सर्व कुशल असणार आणि तुम्हांस बोलावयास फारशी संधी मिळत नसणार, हे मी गृहीत धरतो.

त्या का आल्या, हे त्यांनी सांगितले असेलच. तथापि पूर्वपक्ष ऐकला की उत्तरपक्षही ऐकावा. स्वयंपाकघरातला नळ तीन आठवडे गळत होता. ताईंनी तक्रार केली तेव्हा मी त्यांना तितिक्षेचे महत्त्व सांगितले (सोसणे हेही तपच) आणि थेंबागणिक काळाचे स्मरण होते, हा लाभही दाखवून दिला. त्यावर त्या म्हणाल्या, "मग त्या काळाखालची बादली भरली की तुम्हीच ओतत जा." प्लंबरला बोलावतो म्हणालो, तर तेही नको. "आयुष्यभर मला ऐकवलंत ना, ज्याचं कर्म त्यानंच करावं? करा आता. तुमच्या हातानं नळ थांबला की कळवा, मग येईन." एवढे बोलून त्यांनी पिशवी भरली.

मी हार्डवेअरचे दुकान गाठले. "वायसर अर्धा इंची की पाऊण?" दुकानदाराने विचारले. मी म्हणालो, मध्यम. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि दोन्ही दिले. सोबत एक छापील सूचनापत्र. ते मी दोन दिवस अभ्यासले. प्रत्येक वाक्याचा अन्वय लावला, समासात टिपा लिहिल्या. पान उलटून मात्र पाहिले नाही. पोथीच्या शेवटी फलश्रुती असते, आणि फळावर डोळा ठेवून कर्म आरंभणे मला लहानपणापासून वर्ज्य. (पन्नास वर्षांत एकाही पोथीची फलश्रुती मी आधी वाचलेली नाही. ताई, अर्थात रागात नसतील तेव्हा, साक्ष देतील.)

सोमवारी सकाळी ईशस्मरण करून पान्याने नळाचे डोके फिरवले. ते निघाले, नुसते निघाले नाही, तर छताला आपटून साखरेच्या डब्यात स्थिरावले, आणि त्यामागोमाग जलस्तंभ प्रकट झाला. तो मी तळहाताने दाबून धरला, तेव्हा एका दिशेऐवजी पाच दिशांना गेला. परमेश्वराचे नाव इतक्या एकाग्रतेने मी पूर्वी कधी घेतले नव्हते, हे येथे नमूद करतो. दहा मिनिटांनी खालच्या मजल्यावरचे शिंपी उघडी छत्री घेऊनच जिना चढून आले. "काका, माझ्या मशीनवर पाऊस पडतोय," ते म्हणाले, "गिऱ्हाइकाच्या कोटाची एक बाही धुऊन निघाली." त्यांनी सिंकखाली हात घालून एक लहानशी चावी फिरवली आणि प्रलय ओसरला. मग जमिनीवर तरंगणारे सूचनापत्र उचलून त्यांनी उलटून पाहिले व माझ्यापुढे धरले. लाल चौकटीत ठळक छापले होते: काम सुरू करण्यापूर्वी मुख्य चावी बंद करावी. शिंप्यांनी छत्री मिटली, माझ्याच सिंकमध्ये झटकली आणि ते गेले.

सारांश, वायसर बसवला. नळ आता गळत नाही. ही वार्ता ताईंना अवश्य सांगावी. घर सध्या नको तितके शांत असते, हेही ओघात सांगावे.

तुमचा, अद्याप पुरता न वाळलेला,
दाजी

ता. क. – वरील विधान अक्षरशः सत्य आहे. सिंकखालची ती चावी अजून बंद असल्याने नळातून काहीच येत नाही. चहाचे पाणी न्हाणीघरातून आणतो. चावी उघडली की नळ पूर्वीपेक्षा जोमाने गळतो, परंतु ते तुम्हांस विचारल्याखेरीज सांगण्याचे कारण नाही.

पुनश्च – शिंप्यांनी काल नळ नीट करून देण्याची तयारी दाखवली. मी नाकारली, कारण अट स्वहस्ताची आहे. सबब विनंती की येत्या रविवारी हत्यारे घेऊन गुपचूप यावे. पाना माझ्या हातात राहील, माझा हात तुमच्या हातात. कर्ता मीच ठरतो. दोन्ही पक्षांचा मी विचार करून पाहिला आहे.

आणखी एक – निघताना ताईंनी "कुठे चाललास?" असे विचारले, तर असत्य बोलू नये. त्या "थांब, मीही येते" म्हणाल्या, तर अडवू नये. मग हत्यारे घरीच राहिली तरी चालतील.