तुमी म्हणाल तसं

कोपरगाव, मंगळवार ९ डिसेंबर

संध्याकाळी मी शेंगा फोडत होते, शीतल परीक्षेचं मोठ्यानं वाचत होती. शाळेत शिकवून वर बाहेरून एम. ए. करते. आयर्लंड देश, साल १९३४. रेडिओ नवा नवा, नाचाला गर्दी, आणि पाद्री म्हणेल ती पूर्व दिशा. माझं अर्धं लक्ष. मग आलं की त्या साली नियम लागला, नव्या मास्तरीणबाईनं लग्न केलं की नोकरी सोडायची.

"मेल्यांचं काय अडलं हुतं?" मी म्हणाले.

"आई, तिथं सरकार बोललं. इथं तू बोललीस."

झोंबलं. परवा शीतलच्या लग्नाच्या बैठकीत मुलाची आई म्हणाली, "लग्नानंतर नोकरी कशाला?" मी म्हणाले, "तुमी म्हणाल तसं." मुलीकडचे असंच म्हणतात. माझी आईपण म्हणाली होती. ते बोलायचं म्हणून बोलायचं असतं ना? त्यांनी खरं धरलं. आता रविवारी सुपारी फुटायची.

विचारलं, तो नियम उठला कधी?

"चोवीस वर्षांनी."

चोवीस! तिथंच सोयरीक जुळवणाऱ्या चुलतभावाला फोन लावला. "तुमी म्हणाल तसं, हे मी मागं घेतलं. पोरगी नोकरी सोडणार न्हाई. पटत आसंल तर सुपारी फोडू."

"अक्का, आता कसं सांगू त्यांना?"

"तोंडानं सांग."

"न्हाई म्हणाले तर?" शीतलनं विचारलं. न्हाई तर न्हाई, मी म्हणाले. पण तेव्हापासून दोनदा मोबाईल बघितला, आवाज बंद तर नाही ना म्हणून.