इंजिनाचा विसावा

श्री
पोशीर, ता. १२ डिसेंबर १९४८

चि. सदूस येसाजीकाकाचे आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व खुशाल. लष्कराच्या लिलावातून तू मिळवून दिलेले, दोरी ओढून सुरू करायचे बागेचे छोटे ट्रॅक्टर-यंत्रही खुशाल आहे, कारण अर्धा दिवस ते विसावाच घेते.

सकाळी पहिल्याच दोरीला सुरू होते. तासभर मिरचीचे वाफे सुरेख नांगरते. मग मी चहाला थांबतो. चहानंतर कितीही दोरी ओढा, ते नुसते खोकते. दोन तासांनी गार झाले की पुन्हा गुणी बाळ.

तुला ठाऊकच आहे, भिसेगावचे व्याही मालोजी यांना मी चार माणसांत शब्द देऊन बसलो आहे. संक्रांतीला त्यांच्यासमोर यंत्राने एका दिवसात नदीकाठचा मळा नांगरला, की आमची हरण्या-गुलब्याची बैलजोडी त्यांची; मग आम्हाला बैल हवेत कशाला! तेव्हापासून तुझी काकू माझ्याशी बोलत नाही. जे सांगायचे ते बैलांना सांगते, मी ऐकायचे.

माझा खांदा शाबूत आहे तोवर उत्तर यावे. लोभ आहेच.
येसाजी


श्री
खालापूर, ता. १८ डिसेंबर १९४८

ती. येसाजीकाकांस सदूचा सा. न. वि. वि. आपले पत्र वर्कशॉपात सगळ्यांना वाचून दाखवले, राग नसावा. चौघांनी मिळून पाच रोग सांगितले.

प्लग काढून पुसावा. टाकीच्या झाकणाचे बारीक भोक काडीने मोकळे करावे. गरम असताना चोक ओढू नये. पेट्रोलच्या नळीवर ओले फडके ठेवावे; नळी तापली की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि इंजिन उपाशी राहते. हे इंजिन वाऱ्यावर गार होणारे आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

तरीही न जमल्यास, थांबल्यापासून पुन्हा दोरी ओढेपर्यंत काय काय घडते ते काही न वगळता लिहावे. काकूंना नमस्कार. त्यांनी तो बैलांमार्फत घेतला तरी चालेल.
आपला, सदू


श्री
पोशीर, ता. २८ डिसेंबर १९४८

चि. सदूस आशीर्वाद. वि. वि. प्लग आरशासारखा झाला, भोक मोकळे झाले, चोकला हात लावला नाही. इंजिन होते तसेच आहे.

मधल्या वेळात काय घडते म्हणून विचारलेस. मी हातपाय धुतो, चहा घेतो, पान खातो. तुझी काकू येऊन इंजिनावर हरण्याची घोंगडी घालते आणि चारी बाजूंनी नीट खोचते. घामाघूम बैल सोडला की त्याला वारा लागू नये म्हणून घालतो, तशीच. तुझे ओले फडके मात्र तिने फेकून दिले. तापल्या जिवाला ओले फडके लावायला सांगणारा पुतण्या शहाणा कसा, असे तिने गुलब्याला विचारले.

यात लिहिण्यासारखे काही नाही, पण तू वगळू नका म्हणालास म्हणून लिहिले.
येसाजी


श्री
खालापूर, ता. ३ जानेवारी १९४९

ती. काकांस सा. न. वि. वि. रोग घोंगडीत आहे. आतली ऊब आतच कोंडते, पेट्रोलची वाफ होते, आणि इंजिन दोन तास तापलेलेच राहते. घोंगडी काढा, थोडा वारा लागू द्या. नदीकाठचा मळा संध्याकाळच्या आत होईल. मालोजीमामांना दावी घेऊनच बोलवा.

काकूंना मात्र कोणी हसू नये.
आपला, सदू


श्री
पोशीर, ता. १६ जानेवारी १९४९

चि. सदूस आशीर्वाद. वि. वि. काकू नेरळच्या बाजाराला गेली तेव्हा घोंगडीविना करून पाहिले. चहा पोटात जातो न जातो तोच पहिल्या दोरीला सुरू. तुझी विद्या खरी.

पण खरे सांगतो, आनंद झाला नाही. गोठ्याकडे बघवेना. जे यंत्र तिचे बैल घराबाहेर काढणार, त्यालाच ती हरण्याच्या अंगावरची घोंगडी घालत होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरले. आणि चार माणसांत दिलेला शब्द तर मोडता येत नव्हता.

संक्रांतीला मालोजी दावी घेऊनच आले. दुपारपर्यंत अर्धा मळा झाला, मग तिळगुळाला थांबलो. काकू पाहुण्यांच्या चहात अडकली होती, म्हणून घोंगडी मीच घातली. हरण्याची, आणि तिच्यावर गुलब्याची. चारी बाजूंनी खोचली.

पुढे मालोजींनी स्वतः दोरी ओढून पाहिली, इंजिन नुसते खोकत राहिले. दिवस मावळला तेव्हा म्हणाले की असल्या यंत्राच्या भरवशावर बैल सोडू नका, आणि रिकामी दावी घेऊन गेले. संध्याकाळी काकूने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि महिन्याभराने माझ्याशी बोलली. म्हणाली की इंजिन बिचारं नाजूक हाय, त्याला फार राबवू नका. मी बरे म्हटले.

हे पत्र वाचून फाडून टाक. वर्कशॉपात विचारतील तर रोग असाध्य आहे म्हणावे. तुझा लोभ असू दे, उपाय मात्र आता पुरे.
येसाजी