दहा माणसांचा एक शिपाई

पुणे,
९ जानेवारी २०२५

ती. मेघाताईस,
सादर जयभीम. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. तुमच्या घरचा फोन कायम स्पीकरवर आणि बाबा शेजारच्या खुर्चीत, मग गुपित राहायचं कसं? म्हणून तुझ्या शाळेच्या पत्त्यावर लिहितो आहे.

फेब्रुवारीत बाबांना पंचाहत्तर पूर्ण होतील. मी त्यांना त्यांची लढाई देणार आहे, एकाहत्तरची, त्या टेकडीवरची. माझा रविवारचा खेळ तुला माहीतच आहे. टेबलावर डोंगर-नाले मांडायचे, रंगवलेले छोटे शिपाई उभे करायचे आणि फासे टाकून लढाई खेळायची. त्या लढाईबद्दल बाबा आपल्याशी कधी अवाक्षर बोलले नाहीत. टेकडी समोर दिसली तर बोलतील अशी मला फार आशा आहे. आपला बाप आपल्याला कळायचा राहून जाईल, याची मला आता भीती वाटते.

घोडं अडलंय ते मापावर. अठ्ठावीस मिलिमीटरचा शिपाई घेतला तर त्याच्या मिशासुद्धा रंगवता येतात, पण टेकडी मांडायला तुमचा हॉल रिकामा करावा लागेल. सहा मिलिमीटरचा घेतला तर सगळं परातीत मावतं, पण शिपाई म्हणजे तांदळाचा दाणा. शेवटी पंधरावर आलो. तरी बाबांच्या कंपनीत सव्वाशेच्या आसपास माणसं, तेवढी रंगवत बसलो तर पायल मला घराबाहेर काढेल. आमच्या जेवणाच्या टेबलावर आत्ताच ताट ठेवायला जागा नाही. म्हणून आमच्या खेळातला नेहमीचा रिवाज पाळतो, एक शिपाई म्हणजे दहा माणसं. बारा शिपायांत कंपनी उभी राहते. मला रजा नाही, त्यामुळे खेळायचं तुलाच आहे. तुझं मत कळव.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा धाकटा,
धम्मदीप


नागपूर,
१८ जानेवारी २०२५

प्रिय धम्मदीप,
स. ज. वि. वि.

तुझं पत्र स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर मिळालं. चाळिशी उलटलेला माझा भाऊ शिपाई-शिपाई खेळतो, हे आता आमच्या हेडमास्तरांनाही कळलं आहे. तुझ्या मापातलं मला ओ की ठो कळत नाही. दहांचा एक कर नाहीतर शंभरांचा, काय फरक पडतो!

बाबा ठणठणीत आहेत. जुनी खोड मात्र तशीच. घरातलं एक माणूस जरी जेवायचं असलं तरी ताटाला हात लावत नाहीत. परवा वैभवीला कॉलेजातून यायला उशीर झाला, तर भाताची पार ढेकळं होईपर्यंत बसून राहिले. सगळ्यांची हजेरी घेतात म्हणून आपण लहानपणी त्यांना ‘हेडक्वार्टर’ म्हणायचो, तशी आता माझी पोरगी म्हणते.

थोडी धास्ती वाटते रे. जो माणूस इतकी वर्षं बोलला नाही, त्याचं काही कारण असेल. पण तुझा उत्साह पाहून नाही म्हणवत नाही. सोबत भिवापूरचं तिखट पाठवते आहे, पायलला जपून वापरायला सांग.

तुझी खोडकर मेघाताई, जिचा लोभ तुला फुकट मिळत आला आहे


नागपूर,
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय धम्मदीप,
स. ज. वि. वि.

घाईत लिहिते आहे, अक्षर लावून घे. बाबा बरे आहेत, हे आधी वाच आणि मग पुढचं.

काल वाढदिवसाला तुझी पेटी उघडली. बाबा लहान मुलासारखे हरखले. टेकडीवर बोट फिरवलं, नाला दुसऱ्या अंगाला होता म्हणाले, झाडं इतकी हिरवी काहून केली असं विचारलं. तुझी युक्ती फळली असं मला वाटलं. मग मी शत्रूच्या तोफेचे फासे टाकले. तुझ्या तक्त्यात पाहिलं, तीन माणसं गेली.

बाबांनी हात पुढे केला आणि कोणती तीन, असं विचारलं. मी तुझे नियम वाचून दाखवले. दहा माणसं जाईपर्यंत शिपाई उचलायचा नाही, शेजारी नुसते मणी ठेवायचे. मंग तीन माणसं गेली अन् टेबलावर काहीच झालं नाही काय, असं त्यांनी पुन्हा विचारलं. आणि मी, मेली मास्तरीण, त्यांना समजावून सांगितलं की बाबा, तीन म्हणजे एका शिपायाच्याही आत येतात.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, हार्ट अटॅक. ते खाली फरशीवर बसले आणि मोठ्याने रडायला लागले. आई गेली तेव्हाही न रडलेला माणूस! वैभवी पाणी घेऊन धावली.

मग त्यांनी नावं सांगितली. शेषराव, सीताराम आणि किसन. एका मोर्च्यात, म्हणजे खंदकात, हे तिघं आणि बाबा. त्या दिवशी चौघांचं जेवण आणायची पाळी बाबांची होती. ते खाली लंगरला, फौजेच्या स्वयंपाकघरात गेले, पोळ्या बांधून घेतल्या, टेकडी चढून वर आले, तेवढ्यात गोळा पडून गेला होता. हातात चौघांचं जेवण आणि जेवणारा मी एकटा, असं ते म्हणाले.

धम्मदीप, ते ताटाला हात का लावत नाहीत, ते आता कळलं. आणि आपण त्यांची थट्टा केली. मला अजून विश्वास बसत नाही.

कालपासून ते बोलतच आहेत. शेषरावचे कान बाहेर आलेले, सीताराम थंडीतही बाह्या दुमडून असायचा, किसन तोंडात घास असताना गाणं म्हणायचा. तुझ्यावर राग नाही. सगळे शिपाई त्यांनी स्वतः कापसात गुंडाळून ठेवले. एवढंच कळवायला सांगितलं की हे माप आपल्या कामाचं नाही, यात तीन माणसं मावत नाहीत.

माया राहू दे. आज तिची मलाच गरज आहे.
मेघाताई


पुणे,
२० मार्च २०२५

ती. मेघाताईस,
सादर जयभीम. वि. वि.

तुझं पत्र दारातच उभ्याने वाचलं. इतकी वर्षं खेळतो आहे, दर रविवारी ते मणी ठेवतो आहे. तो मणी म्हणजे कोणाचा तरी शेषराव, हे माझ्या मनाला शिवलंही नाही. मला माझीच भीती वाटली.

नवीन पेटी पाठवतो आहे. चोपन्न मिलिमीटरचे, साधारण अंगठ्याएवढे शिपाई आहेत आणि एक शिपाई म्हणजे एकच माणूस. बाजारात जेवायला बसलेला शिपाई मिळत नाही गं, सगळे धावणारे नाहीतर नेम धरणारे. म्हणून बंदुका कापल्या, गुडघे कापून दुमडले, पुन्हा चिकटवले. पोळ्या पायलने रंगवल्या.

बाबांनी तिघांचीच नावं सांगितली, पण मी चार केले आहेत. चौथा आईच्या ट्रंकेतल्या त्या फोटोवरून केला, भरती झाल्यावर काढलेल्या. तो कोण ते बाबांना आधी सांगू नकोस.

बाबांच्या पायावर माझं डोकं ठेव आणि मला मनातून काढू नका.
धम्मदीप


नागपूर,
३१ मार्च २०२५

चि. धम्मदीप यास,
गोविंदाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पेटी पोचली. शेषराव पाहताबरोबर ओळखला, कान अगदी तसेच. सीतारामच्या बाह्या बरोबर दुमडल्या. किसनचं तोंड उघडं ठेवलं ते लय चांगलं केलं. त्याईले जेवणाच्या टेबलावर, माझ्या ताटाजवळ ठेवलं हाये. आता ते बसलेलेच असतात, म्हणून काल वैभवी यायच्या आधी मी पहिला घास घेतला. मेघा तं पाहतच राहिली.

चौथा मातर काही ओळखू आला नाही. मिसरूड नाही फुटलं, गाल असे भरलेले, याले फौजेत कोणी घेतलं, असं मी मेघाले विचारलं. ती म्हणाली, बाबा, हे तुम्ही.

मले धक्काच बसला. लय वेळ हातात घेऊन पाहत राहिलो. बेटा, इतके वर्षं मले वाटे का मी तेव्हा चांगला बाप्या माणूस होतो, मी लवकर पाय उचलाले पाहिजे होते, काहीतरी कराले पाहिजे होतं. त्या माणसाले मी कधी माफ केलं नाही. आता पाहतो तं हे लेकरू होतं गा. चारही लेकरंच होते.

सवड काढून येजो. तुहं ताट मांडलेलंच असते.

तुहा बाप,
गोविंदा