कागदी पिशवीतले कंद

२ मार्च

प्रिय बाळ्या,

अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? मलम संपलं असेल तर आणून घे, उगाच लंगडत बसू नकोस. मी ठणठणीत आहे. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणते म्हणून रागावू नकोस. रागवायला आज तुला दुसरं कारण मिळणार आहे.

बातमी अशी, की माझ्या मागच्या अंगणात रॅननक्युलस फुलले. हो, तेच, तुझ्या बायकोचे लाडके. शाळेतल्या पोरांसारखं आपणही तिला 'बाई'च म्हणायचो आणि तिच्या या वेडाला हसायचो. नाव अजून माझ्या जिभेवर बसत नाही, पण फूल असं गच्च भरलेलं, की पाकळ्या मोजायला गेलं तर डोकं गरगरतं.

सुखासुखी नाही आले. ते वाळके कंद लावण्याआधी तीन-चार तास पाण्यात भिजवायचे असतात. मी जन्मभर वॉर्डातली नर्स. मातीतली वस्तू जंतुनाशकात बुडवल्याशिवाय मला चैन कुठलं! दोन दिवस बुडवून ठेवले. पार लगदा झाला. रोपवाटिकेवाला म्हणाला, "मावशी, ऑपरेशनच्या आधीच पेशंट मारलात की!" दुसऱ्या खेपेला पाणी घालून घालून कुजवले. तिसऱ्या खेपेला त्याच्यासमोर बसून शिकले, वहीत उतरवून घेतलं, आणि ठरवलं की फूल आल्याशिवाय मागे हटायचं नाही.

एवढी जिद्द कशासाठी, ते सांगते.

बाई गेल्यावर महिनाभर तुझ्याकडे राहून मी घर आवरलं. नंतर ऑक्टोबरात तू फोनवर विचारलंस, "ताई, कपाटातली कागदी पिशवी पाहिलीस का गं? तिच्या कंदांची?" मी म्हटलं, "उंदरांनी नेली असेल." तू म्हणालास, "माझीच चूक. डब्यात ठेवायला हवी होती. तिची एवढी एक गोष्ट मला सांभाळता आली नाही." आणि तू रडलास.

बाळ्या, उंदीरबिंदीर काही नव्हते. पिशवी मी फेकली.

कचरा समजून फेकली असं म्हटलं तर तेही खोटंच. पिशवीवर बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'पांढरे, पुढच्या वर्षासाठी.' मी ते वाचलं होतं. तू तासन् तास त्या रिकाम्या वाफ्यापाशी बसायचास, जेवायला हाक मारली तरी हलायचा नाहीस. मला वाटलं, कंदच नसले तर हा तिथून उठेल. वॉर्डातली फरशी पुसावी तसं तुझं दुःख पुसायला निघाले होते. तो माझा अधिकार नव्हता.

पुढचं ऐक. माझ्या फुलांचे कंद वाळवून तशाच पिशवीत भरायचे आणि तुझ्या कपाटामागे 'सापडले' म्हणायचं, असा माझा बेत होता. जुन्या पत्रांवरून बाईंचं अक्षरही गिरवून ठेवलं होतं, हुबेहूब जमलं होतं. पांढरे मागून आणलेले कंद, पण परवा फुलं उमलली तर निम्मी गुलाबी! तुझ्या वाफ्यात ती उगवली असती, तर तू मला थोडाच विचारणार होतास? खत चुकलं, पाणी चुकलं, म्हणत पुन्हा स्वतःलाच बोल लावला असतास. मी मात्र नामानिराळी. लाज वाटली. गिरवलेला कागद फाडून टाकला आणि हे पत्र लिहायला बसले. फोन केला असता तर ऐन वेळी काहीतरी नवीन थाप मारली असती, माझी मला खात्री आहे.

रविवारी सकाळच्या गाडीने येते आहे. फुलं आणणार नाही; त्यांनी भरपाई होत नाही, आणि झाल्याचा आव मला आणायचा नाही. काय बोलायचं ते तोंडावर बोल. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन, संध्याकाळी परत जाईन आणि पुढच्या रविवारी पुन्हा येईन. आईबाबांच्या मागे मला तू एकटाच आहेस. तू माझ्यापासून तुटशील या भीतीने पाच महिने गप्प राहिले. भीती अजून तेवढीच आहे, तरी येते आहे.

तुझी अपराधी, तरीही थोरली,
ताई