मोठी गाडी, छोटी गाडी आन सातवा नंबर

१९ सप्टेंबर, गुरुवार. हैद्राबाद

पप्पूचा फोन. हॅलो न्हाई, काही न्हाई. "हणम्या, तुमचा नंबर जायलाय बे!"

पप्पू माझा चुलतभाऊ. तेलगावच्या स्टँडवर त्याची जीप हाय, तेलगाव ते बीड. तिथं कुणाची गाडी कधी भरायची ते नंबरावर चालतं. आमचा सातवा. वडलांनी, म्हणजे आण्णांनी, माझ्या जन्माच्या आधी धरलेला. परवाच्या साली वडवणीच्या पुढं उसाची ट्रॉली अंगावर आली. जीप भंगारात गेली. आण्णा वाचले, पण डावा पाय गुडघ्यात वाकायचा बंद झाला. तवापासून डायवरी संपली. अंगणात बाज टाकून बसतात आन रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजावरून सांगतात, "हा पप्पू. ह्याचं बेरिंग गेलंय."

दसऱ्याला स्टँडवर सगळ्या गाड्या धुऊन, झेंडूचे हार घालून नंबरानं उभ्या करतात. नारळ फुटतो. ज्याच्या जागेवर गाडी न्हाई, त्याचा नंबर मागच्याला. असाच रिवाज हाय. नंबर पुकारणारे आबासाहेब चांगला माणूस. मागचे दोन दसरे त्यांनी आमच्या रिकाम्या जागेवर नारळ फोडला. "मोहनराव येतोय," आण्णांचं नाव घेऊन म्हणायचे. यंदा मागचे लोक भांडायलेत. यंदा गाडी न्हाई तर नंबर न्हाई.

मी सातवीत शाळा सोडली. पुणे, सुरत, परत पुणे, आता हैद्राबाद. कुठंच टिकलो न्हाई. इथं कंपनीची इलेक्ट्रिक टॅक्सी चालवतो.

ठरलं. गाडी घ्यायची. इलेक्ट्रिकच. दसऱ्याच्या आत!

२१ सप्टेंबर, शनिवार

आमच्या डेपोत मोठी आन छोटी, दोन्ही जातीच्या इलेक्ट्रिक गाड्या हायत. आज मुद्दाम दोन्ही चालवल्या.

मोठी — एका चार्जिंगला तीनशेच्या वर जाते. कागदावर तर अजून जास्त लिहिलंय, पण एसी लावला की कागद आपोआप गप बसतो. शिटा रुंद. हायवेला दाबली की पाठ शिटाला चिकटते.

छोटी — दोनशेच्या आसपास. उंच, अरुंद, डब्यासारखी. पण वळते लई भारी! आठवडी बाजारातून म्हशींच्या मधून काढावी अशी.

मोठीतून उतरलो की कुणीतरी झाल्यासारखं वाटतं. छोटीतून उतरलो की डायवर.

मोठीच घ्यायची.

२२ सप्टेंबर, रविवार

घरी फोन लावला. माय म्हणली, "पित्रांच्या पंधरवड्यात गाडीचं नाव काढू नको बाबा." आण्णांनी फोन घेतला. "बघायला काय होतंय? घ्यायची घट बसल्यावर. तू ये, बीडला जाऊन बघू."

मोठीचं सांगितलं. तीनशे किलोमीटर म्हणलो. आण्णा म्हणले, "तेलगावाहून बीड कुठं सरकलंय का काय?"

२९ सप्टेंबर, रविवार. तेलगाव

आज हसून हसून मेलो. मग भांडलो.

बीडला शोरूमात मी, आण्णा, पप्पू. पंधरवडा असल्यानं आत चिटपाखरू न्हाई. संस्कृती नावाची मॅडम होती, माझ्याच वयाची. बिचारी इतकी खूश झाली की तीनदा पाणी आणलं.

आधी मोठी. आण्णा म्हणले, "रिकामी गाडी काय बघायची? भरून बघू." आन रस्त्यावर जाऊन हाका मारायला लागले — "चला बस स्टँड, बस स्टँड!" जुनी सवय! लोक आले पण! कोचिंगची चार पोरं, एक भाजीवाली बाई टोपल्यासकट.

"काका, ही पाच जणांची गाडी आहे!" संस्कृती मॅडम.

"ते कागदावर, ताई. जीप बी कागदावर लहानच होती."

"दार लागणार नाही हो!"

"लागतंय. पप्पू, तिकडून रेट बे."

लागलं! आण्णा मागं कोंबून बसले, पाय दोन शिटांच्या मधून लांब काढून. पोरं म्हणायलीत, "काका, बस स्टँड कशाला, क्लासलाच सोडा." सोडलं! वाटेत स्पीडब्रेकरवर खालून असं खर्रकन झालं की मॅडमनी डोळेच मिटले. भाजीवाली उतरताना म्हणली, "गाडी चांगली हाय, पण बसली की उठत न्हाई." तिनं भाडं काढलं तर मॅडम लाजून लाल.

मग छोटी. मागं आण्णांचा पाय बसेना, म्हणून पुढं माझ्या बाजूला बसवलं. पाली गावाकडं गेलो, धरणाच्या अंगानं फिरून आलो. स्पीडब्रेकरला काही झालं न्हाई. पण आण्णांची नजर रस्त्यावर न्हाई, खाली पायांकडं. मला वाटलं पाय दुखायलाय.

उतरल्यावर म्हणले, "छोटी घे."

"कावून? मोठी का नको?"

"छोटी घे म्हणलो ना."

मी म्हणलो, चालवणार मी, हप्ते भरणार मी, मग मोठीत काय वाईट? आण्णांनी परत एकदा छोटीच्या दारातून आत वाकून बघितलं आन रिक्षात बसले.

कळलं मला. छोटी घेतली की पोरगा बीडच्या पुढं जाणार न्हाई. दावणीला बांधायलेत!

३० सप्टेंबर, सोमवार

सकाळी परत विषय काढला. हिशोब करून ठेवला होता — सकाळच्या खेपा मारायच्या, दुपारी घरी चार्जिंगला लावायची, संध्याकाळच्या खेपा. छोटी साध्या पॉइंटवर दुपारभरात बरीच भरते. मोठीला दुपार पुरत न्हाई हे खरं. पण मोठीला दुपारी भरायची गरजच न्हाई, असं मी म्हणलो.

आण्णा म्हणले, "दुपारी लाइट कुठली?"

"आत्ता हाय की!"

"ह्या आठवड्यात दिवसा हाय. पुढल्या आठवड्यात रातची. आपलं घर शेतात हाय, मोटारीच्या लाइनवर. पाळी इसरला का बे?"

विसरलोच की. लहानपणी पाळीवर तर सगळं चालायचं — दळण, पाणी, आंघोळ. इतकी वर्षं बाहेर राहिलो की लाइट म्हणजे बटण दाबायचं, एवढंच डोक्यात. माय हसली. "हैद्राबादचा सायेब!"

एवढंसं तोंड घेऊन रातच्या गाडीनं निघतो.

१ ऑक्टोबर, मंगळवार. हैद्राबाद

तरी मोठीच.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घट बसले. आता गाडी घ्यायला कुणाची ना न्हाई. पप्पूला फोन केला, मोठी बुक कर म्हणलो. तो म्हणला, "एक इचारू? राग नको धरू. लांब पळणारी कावून पायजे तुला? पळून जायला?"

फोन कट केला. शिव्या दिल्या त्याला, एकट्यानंच.

मग गाडी धुताना परत तेच डोक्यात. खरं लिहितो, इथं कोण वाचणार. मोठी बघताना मी तेलगाव–बीड कधी बघितलंच न्हाई. एका चार्जिंगला पुणं गाठता येईल का, ते बघत होतो. मध्ये कुठं चार्जिंग हाय ते पण मोबाइलवर बघून ठेवलं होतं. नंबर आण्णांसाठी आन पळवाट माझ्यासाठी, दोन्ही एकाच गाडीत बसवायला निघालो होतो. भाजीवालीच्या टोपल्यासारखं.

दोन महिने चालवीन, मग कंटाळा येईल. माहीत हाय मला मी. जिथं गेलतो तिथं हेच झालं. मग गाडी पुण्याला आन जागा परत रिकामी. तवा नारळ कोण फोडील?

४ ऑक्टोबर, शुक्रवार

छोटी.

पप्पूला सांगितलं. तो म्हणला, "नक्की? का रातच्याला परत मोठी?" नक्की म्हणलो. आण्णांना सांग म्हणलो.

डेपोत सुपरवायजरकडं गेलो. नोकरी सोडतो म्हणलो. तो म्हणला, "कायकू जारा बे? वापस आया तो गाडी नै मिलती."

"वापस नै आता."

हे वाक्य तोंडातून पहिल्यांदा निघालं. आजवर प्रत्येक ठिकाणी "येतो" म्हणून निघालो आन परत गेलो न्हाई. आज "येत न्हाई" म्हणलो. बरं वाटलं!

७ ऑक्टोबर, सोमवार. तेलगाव

बॅग घेऊन उतरलो. स्टँडवर आबासाहेब भेटले. "मोहनरावाचा का? गाडी घेऊन ये, मग बोल." वळून गेले. पण हसत होते.

लाइटीचं जमलं. भिवराबाईची पिठाची गिरणी फाट्यावर, गावाच्या लाइनवर, तिथं दिवसा लाइट असते. तिला म्हणलो, दुपारी गाडी लावू का, मीटर वेगळं बसवतो. म्हणली, "लाव की. दुपारी गिरणी बंदच असते. पण त्या गाडीची बॅटरी गरम होऊन फुटती म्हणतात, माझ्या ज्वारीपासून लांब लाव."

आण्णा चिडलेले न्हाईत. मला दोनदा विचारलं, गाडी कधी. लेकरासारखं.

९ ऑक्टोबर, बुधवार

रोज पहाटे उठायचं, धंद्याला लागायचं. कंटाळा आला तरी. हे इथं लिहून ठेवतो म्हणजे उद्या मला मीच खोटं बोलायला नको. बीडला माणूस पोचवायचा, बीडहून माणूस आणायचा. आयुष्यभर. आण्णांनी केलं न्हाई का?

करणार.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आली! हिरवी पाटी, पिवळे आकडे. संस्कृती मॅडमनी पेढे दिले आन हात जोडून म्हणल्या, "दादा, पाचच बसवा."

मायनं ओवाळलं. चाकाखाली लिंबू. आण्णा गाडीभोवती काठी टेकत फिरले, सगळ्या काचा स्वतः पुसल्या. मला म्हणले, "तू जेवून घे. दमला असशील." मी जेवून तिथंच बाजेवर झोपलो. उठलो तर गाडी दारात न्हाई. माय म्हणली, धुवायला नेली पप्पूनं. थोड्या वेळानं आली. धुतलेली दिसली न्हाई, उलट धुरळाच बसला होता. पप्पूला चांगला झापला. तो नुसता दात काढत होता.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

सातव्या जागेवर गाडी उभी राहिली. नारळ फुटला. आबासाहेबांनी पुकारलं, "सात नंबर, मोहनराव!" मी दाराला हात घातला. आण्णा म्हणले, "सरक." उजव्या दारानं, उंच शिटावर न वाकता बसले, डावा पाय सरळ पुढं पसरला, आन तो पाय तसाच आरामात पडून राहिला. ह्या गाडीला क्लच न्हाई! मी दोन वर्षं अशीच गाडी चालवतो, डावा पाय रिकामा ठेवून, आन माझ्या ध्यानात आलं न्हाई. त्यांच्या पालीच्या रस्त्यावर आलं. लायसन पण चालू होतं, कुणाला न सांगता नवं करून घेतलेलं. कालचा धुरळा पण त्यांनीच गाडी चालवून बघितल्याचा. "चला बीड, बीड!" शिटा भरल्या, आण्णा गेले.

आन मी तर नोकरी सोडून आलोय!