आज कुठला बीच?

३ नोव्हेंबर, सोमवार

हरले. दोन विरुद्ध एक.

नाश्त्याच्या टेबलावर ह्याने पाव चावता चावताच जाहीर केलं — "आपल्या घरात लोकशाही आहे! रोज कुठल्या बीचवर जायचं ते मतदानाने ठरणार. चला, हात वर!" आपलं घर, म्हणे! वकिलाकडे घटस्फोटाचे कागद तयार आहेत, परत गेल्यावर फक्त सह्या करायच्या राहिल्यात, आणि म्हणे आपलं घर.

खारूला अजून काही सांगितलेलं नाही. तिकिटं आधीच काढलेली, पोरगी किती महिने बेटावर जायचं म्हणून नाचत होती. तेव्हा ठरलं ते असं — सुट्टी होऊ दे, शेवटच्या दिवशी दोघांनी मिळून सांगू. मग तिलाच विचारायचं, कुणाकडे राहायचंय. बारा वर्षांची आहे, तिचं म्हणणं ऐकलं जाईल, असं वकीलबाई म्हणाल्या. म्हणजे हा आठवडा कशासाठी आहे ते मलाही कळतं आणि ह्यालाही. सुट्टी कसली, आम्ही दोघं प्रचाराला आलोय.

माझं मत होतं जवळच्या वळणातल्या बीचला. समोर प्रवाळाचा बांध, लाट आत येतच नाही, पाणी कमरेएवढं, तळ दिसतो, मनोऱ्यावर जीवरक्षक. ह्याचं मत दक्षिणेच्या टोकाला, कारण तिथे "खरा समुद्र" आहे. म्हणजे माझा खोटा! खारूने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग त्याच्या बाजूने हात वर केला. अर्धाच.

४ नोव्हेंबर, मंगळवार

परत हरले.

मी काल संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईला खोदून खोदून विचारून आले होते — कुठे पोहायला सुरक्षित म्हणून झेंडे लावतात, कुठे उतार एकदम खाली जातो, दुपारनंतर वारा कुठून येतो. नकाशावर खुणा करून घेतल्या. टेबलावर नकाशा उघडला तर हा खारूला म्हणतो, "बघ, तुझी आई इथेही लिफ्ट तपासायला आलीय." दोघंही हसले.

हो, लिफ्ट तपासते मी. कुठल्याही इमारतीत शिरले की आधी दोर बघते, मग माणसं. त्यात हसण्यासारखं काय आहे? माझ्या सहीवर हजारो माणसं रोज वरखाली करतात, त्यातलं एकही अजून पडलेलं नाही.

बीचवर मी चपला राखत बसले. पहिली दोन पावलं घोट्याएवढं पाणी, तिसऱ्याला गळ्याशी. सांगितलं होतं मी! पण हा तिला लाटेवर भिरकावून देत होता आणि ती किंचाळत होती, "बाबा, अजून एकदा! अजून एकदा!" माझ्याबरोबर ती अशी शेवटची कधी हसली? आठवून आठवून डोकं शिणलं. जळफळाट झाला नुसता. लिहून टाकते, इथे कोण बघतंय.

५ नोव्हेंबर, बुधवार

जिंकले! कशी, तर ह्याचं पोट बिघडलं म्हणून. मिळाली ती सीट आपली.

खारूला घेऊन माझ्या बीचवर गेले. पाणी म्हणजे कोमट टब. आजूबाजूला रांगती पोरं आणि गुडघेदुखीच्या आज्या. खारू तोंड पाण्यात घालून मासे बघत तरंगत होती, बराच वेळ. मला वाटलं, रमली. बाहेर आल्यावर विचारलं, "मजा आली?"

"हो."

"बाबांबरोबर येते तेवढी?" — आणि लगेच जीभ चावली.

"दोन्ही छान आहेत, आई."

बारा वर्षांची पोर आणि बोलते कशी, तर लग्नाच्या बैठकीतल्या मोठ्या माणसांसारखी, तोलून मापून! कुणी शिकवलं हिला हे? त्यानेच शिकवलं असणार.

संध्याकाळी वन्संचा फोन. माझ्याशी एवढंच — "बऱ्या आहात ना? पोरीला द्या." ह्याची मोठी बहीण आहे, मान द्यायलाच हवा, पण बाईचं आणि माझं कधी जमलं नाही. घरात तीन मुलं, दिवसभर धांगडधिंगा, कोण जेवलं कोण नाही पत्ता नाही. खारू फोन घेऊन बाल्कनीत गेली ती गेलीच. काचेतून दिसत होती, हातवारे करून बोलत होती. आम्हाला मात्र "हो" आणि "छान".

६ नोव्हेंबर, गुरुवार

हरले. नाक सोललंय. त्याने तिला उताणं तरंगायला शिकवलं. आता जेवतानाही तेच पुराण.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

घडलं तसं लिहिते.

रात्रभर एकच विचार — असंच चाललं तर पोरगी हातची गेली. नकाशे आणि खुणा दाखवून कुणी आईकडे राहत नाही. म्हणून सकाळी हा तोंड उघडायच्या आत मीच हात वर केला. "पश्चिमेचा बीच!" मोठ्या लाटांचा. त्याचं नाव ह्यानेही अजून घेतलं नव्हतं, नुसता लांबून बघत होता. ह्याचा घास हातातच राहिला. "आई, नक्की?" खारूने दोनदा विचारलं. तीन विरुद्ध शून्य. माझी कॉलर ताठ!

तिथे पोचलो. केवढ्या त्या लाटा! झेंडे लांब, सगळी गर्दी त्या दोन झेंड्यांच्या मध्ये. हा छत्री भाड्याने आणायला गेला. खारू पाण्यात जायला उतावीळ. मी नजर फिरवली, दोर बघतात तशी. डावीकडे लाटा फुटतायत, उजवीकडे फुटतायत, मधे मात्र एक पट्टा गप्प. फेस नाही, आवाज नाही. म्हटलं, चला, सापडलं. म्हटलं, "लाटांत नको जाऊ, ते बघ मधे पाणी कसं शांत आहे, तिथे जा."

मी म्हटलं. मीच.

गुडघ्यापर्यंत गेली, कमरेपर्यंत गेली. मला हात केला. मग एकदम लांब दिसायला लागली. तोंड किनाऱ्याकडे, हात मारतेय किनाऱ्याकडे, आणि जातेय उलटी! मला पोहता येत नाही. मी नुसती किंचाळले. हा छत्री टाकून धावत आला, थेट पाण्यात शिरला, कमरेएवढ्या पाण्यात गेला — आणि थांबला. उभाच राहिला. तो, खऱ्या समुद्रवाला!

शिटी वाजली. एक जीवरक्षक मुलगी फळी घेऊन गेली, तिने खारूला आधी आडवं बाजूला नेलं, मग लाटेबरोबर किनाऱ्याला आणलं. खारू खोकत होती, ओठ पांढरे. ती मुलगी आमच्यावर कडाडली, "झेंडे काय शोभेला लावलेत? लाट जिथे फुटत नाही तिथूनच सगळं पाणी परत आत ओढलं जातं! तिथे कुणी पाठवलं हिला?"

मी तोंड उघडायच्या आत खारू म्हणाली, "मीच गेले. मला कुणी सांगितलं नव्हतं."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही तिने.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज मतदान नाही. खारू खोलीत झोपून. मी केसांवरून हात फिरवला तर म्हणाली, "बरी आहे मी, आई, तू जाऊन खाऊन ये." तीच माझी समजूत काढतेय!

दुपारी ह्याने मला जिन्याजवळ गाठलं. दाढी केली नव्हती. म्हणाला, "तूच ठेव तिला." मला आधी कळलंच नाही. "माझे पाय पुढे पडले नाहीत. तिने बघितलंय मला, उभा होतो नुसता. तू निदान... तू पहिल्यापासून सांगत होतीस, मोठ्या लाटांचं खूळ माझंच."

तेव्हाच सांगायला हवं होतं. तिला तिथे मी पाठवलं, तुझी काही चूक नाही, एवढं एक वाक्य. शब्द अगदी ओठावर आले होते. ह्याचे डोळे भरलेले, मला खरंच कीव आली. आणि मी नुसती मान डोलावली. "बरं," म्हटलं.

जिंकले. खोलीत येऊन न्हाणीघरात नळ सोडला आणि तोंडावर टॉवेल दाबून हसले. आनंदच झाला होता मला, दुसरं काही नाही. लाज वाटली ती नंतर.

९ नोव्हेंबर, रविवार

सामान भरून झाल्यावर दोघांनी मिळून सांगितलं. खारू टॉवेलची घडी घालत होती, ती घालतच राहिली. "माहीत होतं," म्हणाली. हा म्हणाला, "आईकडे राहा असं आमचं म्हणणं आहे, पण तुझं मत —"

"आत्याकडे," ती म्हणाली. "मी बोललेय तिच्याशी. ये म्हणाली."

"का गं?" मी विचारलं.

"तिथे हात वर करावा लागत नाही."