फ्रॉकच्या पिशव्या

आई, तुझ्या गाण्याच्या तबकड्यांच्या पिशव्या मी धुतल्या. सगळ्या एकाच दिवशी, एकाच बादलीत. धुवायला काढताना कोणत्या पिशवीत कोणती तबकडी होती हे पाहिलं नाही. तू जाऊन आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे ही चूक कोणाला दाखवायची हा प्रश्न होता. सुनेसमोर मी चुका कबूल करत नाही, तिला सवय लागेल. म्हणून तुला लिहिते आहे. तुझी मांडणी मोडली होती आणि ती माझ्या हातून मोडली होती.

झालं असं की आपलं जुनं घर विकलं आणि आम्ही शहराच्या कडेला, बेसाला, फ्लॅटमध्ये राहायला आलो. सामानाबरोबर तुझी ट्रंकही आली. इतकी वर्षं ती दिवाणाखाली होती, वर गाद्या, समोर कूलर. उघडली तेव्हा आतून तुझ्या हॉस्पिटलातल्या ड्युटीवरच्या साबणाचा नाही, कूलरच्या गवताचा वास आला. सुनेला या रेगेच्या, म्हणजे जमैकातल्या गाण्यांच्या, तबकड्यांचं फार कौतुक. तिने हौसेने प्लेअरसुद्धा विकत आणून ठेवला होता. ती फोन उघडून बसली आणि म्हणाली, "आई, कापडी पिशव्यांत ठेवूच नका म्हणतात. कापड ओल धरते, मग बुरशी लागते. धागे निघून रेघांमध्ये अडकतात ते वेगळंच." मी दोन-तीन तबकड्या बाहेर काढून उजेडात धरल्या. बुरशी होतीच. काम दिसलं की ते करून टाकायचं, ही माझी सवय तू जाणतेस, आणि मुख्याध्यापिका झाल्यावर ती काही कमी झाली नाही.

सुताराला बोलावून रॅक करून घेतला. पश्चिमेची भिंत मेमध्ये हात लावू देत नाही, म्हणून तो उत्तरेच्या भिंतीला लावायचा ठरला. सुताराला तबकड्या आडव्या, एकीवर एक ठेवायच्या होत्या. मी उभ्या कप्प्यांचं माप दिलं तर म्हणाला, "मॅडम, ताटं कोणी उभी ठेवते का?" मी म्हटलं, "आमच्या घरी ठेवतात." आडव्या ठेवल्या की वजनाने खालच्या वाकतात, हे मी त्याला सांगत बसले नाही. मग बॅटरीत घालायच्या पाण्याने एकेक तबकडी पुसली, भांड्यांच्या स्टँडमध्ये उभी करून सावलीत वाळवली आणि नव्या जाड कागदी पाकिटात घातली. संध्याकाळी पेन घेऊन नावं लिहायला बसले. मोठ्या तबकड्यांवर छापील वेष्टनं होती, त्या चटकन लागल्या. नंतर त्या चाळीसेक लहान तबकड्या घेतल्या. पहिलीच्या मध्यभागी पांढऱ्या कागदाचा गोल होता आणि त्यावर काहीच नव्हतं. दुसरीवरही नाही. सून म्हणाली, "आई, हे तर कोरंच आहे." मी म्हटलं, "उलटी करून पाहा." तिने उलटी केली. तिकडेही कोरंच होतं.

तेव्हा मला आठवलं. तू सांगितलं होतंस की इंग्लंडात नर्सेसच्या वसतिगृहात तुझ्या खोलीत जी जमैकाची बाई राहत होती, तिच्या भावाचं तबकड्यांचं दुकान होतं. छापील नावं चिकटवण्याआधी काही तबकड्या दुकानात येत, त्याच तो बहिणीला देई आणि ती तुला. नाव कशाला पाहिजे, असं ती म्हणायची, ऐकलं की कळतं. तुला मात्र सगळ्या वस्तूंना ओळख लागायची. वॉर्डातल्या बाटल्यांना तू चिकटपट्टी लावायचीस, घरच्या डब्यांना दोरा बांधायचीस. या तबकड्यांना तू पिशव्या शिवल्यास, दर तबकडीला वेगळी, आणि त्या पिशव्या हीच त्यांची नावं होती. मी मान वर करून बाल्कनीकडे पाहिलं. दोरीवर सगळी नावं ओळीने वाळत होती. पिवळी चौकडी, खिसा असलेली. पिवळी चौकडी, बटणांची. निळी, कॉलरची. हिरवी, पांढऱ्या ठिपक्यांची. माझे फ्रॉक.

तू इंग्लंडला गेलीस तेव्हा मी तिसरीत होते आणि परत आलीस तेव्हा सातवीत. तिकडच्या हॉस्पिटलांना नर्सेस हव्या होत्या, इथे बाबांच्या एकट्याच्या पगारात भागत नव्हतं, एवढंच मला सांगण्यात आलं. आत्या आपल्याच गल्लीत राहायची, ती येऊन माझी वेणी घालायची. पुढे मी केस कापून टाकले म्हणजे तिला यावं लागू नये. तू आलीस त्या दिवशी सगळी वस्ती आपल्या पुढच्या खोलीत बसली होती, विहारातल्या बायांपासून दुकानदारापर्यंत, म्हणून तू ट्रंक स्वयंपाकघरात ओढत आणलीस आणि दार लोटलंस. मी चुलीपाशी उभी आहे. तू झाकण उघडतेस. आत सगळे फ्रॉक, आणि प्रत्येक फ्रॉकच्या पोटात तबकड्या गुंडाळलेल्या. तू तबकड्या ओट्यावर ठेवत जातेस आणि फ्रॉक माझ्या खांद्यावर टाकत जातेस. एक घालून पाहते, तो काखेत अडतो. दुसरा डोक्यातून खालीच येत नाही. तू तिसरा माझ्या पाठीला लावून पाहतेस, मग चौथा, आणि मग हातातला हातातच राहतो.

"एवढी काहून वाढली वं तू?" तू म्हणालीस.

"मंग काय थांबाचं होतं मी?" मी म्हटलं.

तू हसलीस, पण ते हसू पूर्ण झालं नाही. "दुकानातल्या बाईले माप सांगता येत नव्हतं मले," तू म्हणालीस. "मी हात एवढा धरत होती." आणि तू हात धरून दाखवलास, कमरेच्या जरा वर. चारही वर्षं तू तो तिथेच धरला होतास. मी तुझ्या खांद्याला लागत होते. मी म्हटलं, "कापून टाक सारे. फडकी होतीन." बाहेरून कोणीतरी चहा मागितला आणि तू आधण ठेवलंस.

फडकी तू केली नाहीस. पुढच्या महिन्यात शेजारणीचं मशीन आणून तू पिशव्या शिवल्यास. खिसे काढले नाहीस, बटणं काढली नाहीस, झालर होती तिथे झालर ठेवलीस. मला त्याचा राग आला होता. मला फ्रॉक बसत नव्हते म्हणून ते तबकड्यांना घातले, असं मी तेव्हा मनात धरलं आणि ते फार वर्षं सोडलं नाही. तुझ्या तबकड्या मला नीट कपडे घातलेल्या लाडक्या पोरी वाटायच्या. मी शाळेच्या गणवेशात असायची.

रविवारी जेवणं झाली की तू मधल्या खोलीत प्लेअर लावायचीस. मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायची आणि तू तिथूनच विचारायचीस, "आज कोणती लावू वं? पिवळी खिशाची का निळी?" मी म्हणायची, "मले अभ्यास आहे." मग तू स्वतःच ठरवायचीस आणि लावण्याआधी मोठ्याने सांगायचीस, "हिरवी ठिपक्याची," जसं कोणी पाहुणा आला आहे हे आत कळवावं. बाबा पेपरातून डोकं काढून एकदा म्हणाले होते, "हे गाणं लंगडून काहून राहिलं?" तू म्हणालीस, "लंगडत नाही जी. दम खाऊन चालून राहिलं. दिवसभर काम करून माणूस घरी जाते न, तसं." बाबा म्हणाले, "घरी पोहोचलं का सांगजो मग." तू त्यांच्या अंगावर पिशवी फेकलीस, रिकामी. मी दाराच्या फटीतून हे पाहत होते आणि पुस्तकाचं पान उलटायचं विसरले नव्हते, कारण आवाज आला नसता तर तुला कळलं असतं.

एकदाच तू मला त्या तबकड्यांवरून रागावलीस. मी एक ओट्यावरून उचलून बाजूला सारली होती, पाचही बोटं रेघांवर. "बोटं नाही लावाची," तू म्हणालीस, वॉर्डातल्या आवाजात. "कडेनं धर. दोन्ही हातानं, तान्ह्या पोराले धरते तसं." गेल्या आठवड्यात हेच वाक्य मी सुनेला म्हटलं. शब्दही तेच आले.

तर त्या संध्याकाळी नावं नव्हती आणि पिशव्या ओल्या होत्या. सून म्हणाली, "राहू द्या न आई. एक, दोन, तीन नंबर टाकू." नंबर टाकून काम झालं असतं. पण मग चौथा नंबर म्हणजे काय, हे जगात कोणालाही सांगता आलं नसतं. तुझ्याबरोबर जे गेलं त्यात मी आणखी भर घातली असती, आणि तीही साबण लावून. मी म्हटलं, "थांब." पुढे काय हे मला माहीत नव्हतं, पण थांब म्हणायची मला सवय आहे.

दुसऱ्या दिवशी ती गाणी तपासायला म्हणून एकेक तबकडी लावत होती आणि मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते. सुई टेकली, थोडी खरखर झाली, ढोलावर दोन थापा पडल्या आणि खालून तो जाड, सावकाश आवाज सुरू झाला. गाणारा अजून तोंड उघडायचा होता. मी म्हटलं, "पिवळी चौकडी. खिशाची."

"काय म्हणता आई?"

"ही पिवळी, खिशाची. दुसरी लाव."

तिने दुसरी लावली. निळी, कॉलरची. तिसरी हिरवी, पण ठिपक्यांची नाही, झालरीची. मी विळी ठेवून बाहेर आले. ती एकेक लावत गेली आणि मी वाळलेल्या ढिगातून पिशवी काढून तिच्यापुढे ठेवत गेले. कुठेकुठे गाणाऱ्याचा आवाज यायला वेळ लागायचा, पण मला त्याची गरज पडत नव्हती. सून म्हणाली, "तुम्ही तर म्हणत होत्या, हे तुम्हाला ऐकवत नाही."

"ऐकवत नाहीच," मी म्हटलं. "पुढची लाव."

तीन-चार दिवस आम्ही रोज जेवणानंतर हेच केलं. मुलगा ऑफिसातून आला की दारातच विचारायचा, "आज किती फ्रॉक झाले?" मी त्याच्या हातातून डबा घ्यायची. मला कळून चुकलं होतं की दाराआड बसून मी तुझं सगळं पाठ केलं आहे. मला न बसलेला एकेक कपडा त्याच्या गाण्यासकट माझ्याजवळ होता. तू दर रविवारी विचारायचीस ते गाण्याबद्दल नव्हतं बहुधा. त्या दुकानातल्या बाईला तुला जे नीट सांगता आलं नाही, ते तू मला विचारत होतीस, की एवढीच आहेस का, की आता केवढी झालीस. मी अभ्यास आहे म्हणायची. उत्तर सोपं होतं. पिवळी, असं म्हणायचं होतं फक्त.

पिशव्या परत तबकड्यांवर घातल्या नाहीत. सुनेचं म्हणणं बरोबर आहे, पावसाळ्यात कापड ओल धरणारच. एकदा वाटलं, प्रत्येक पिशवीचा छोटा तुकडा कापून पाकिटावर चिकटवावा. कात्री हातात घेतली आणि ठेवून दिली. ते कपडे एकदा कापून झाले आहेत. मग पाकिटांवर पेन्सिलीने लिहिलं, माझ्या फळ्यावरच्या अक्षरात, "निळी, कॉलरची", "गुलाबी, नाडीची". पिशव्या इस्त्री करून रॅकच्या खालच्या खणात ठेवल्या, त्याच क्रमाने. वर तबकडी, खाली तिचा कपडा. आता ट्रंक रिकामी आहे आणि सून तिच्यात उन्हाळी चादरी ठेवते.

शेवटी एकच तबकडी उरली आणि एकच पिशवी, पांढरी, गळ्याशी लाल दोऱ्याची बारीक नक्षी. सून म्हणाली, "एकच उरली म्हणजे हीच." हिशेब बरोबर होता. तरी मी म्हटलं, लाव. गाणं सुरू झालं आणि मला ते माहीत नव्हतं. उलटी बाजू लावली, तीही नाही. ही तू कधी माझ्यासमोर लावली नाहीस. मी शाळेत गेल्यावर लावत असशील, रात्रपाळीवरून येऊन, बाबा कामावर गेलेले आणि घरात कोणी नसताना. किंवा तिकडेच, त्या खोलीत, मैत्रिणीबरोबर. मी नसताना तू कशी असायचीस हे मी कधी विचारलं नाही. तू सांगितलंही नाहीस, कारण मी ज्या चेहऱ्याने बसायची त्या चेहऱ्याला कोणी काही सांगत नसतं. पुढे माझ्या हाताखालच्या शाळेतल्या मुलींनीही मला काही सांगितलं नाही.

हे कागद मी कोणाला दाखवणार नाही आणि ठेवणारही नाही, घरात कागद साठवणं मला आवडत नाही. एवढं लिहून उठते, कुकर लावायचा आहे. फक्त एक सांगायचं राहिलं. तुझी बाकीची सगळी गाणी मला येतात, पण आवडतात असं मी म्हणणार नाही, ती ऐकताना मी अजून दाराआडच असते. ती पांढऱ्या पिशवीतली मात्र वेगळी आहे. काल सून भाजी आणायला गेली तेव्हा मी ती कडेने धरून काढली आणि स्वतः लावली. मग तीच बाजू पुन्हा लावली. सून आल्यावर विचारत होती, प्लेअर गरम कसा, आणि मी म्हटलं, मला काय माहीत.